एका दिवसात नारा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जपानला निघालेल्या पुणेकरांच्या पत्रांत यंदा नाराचे नाव वारंवार आले. ओसाका किंवा क्योतोहून सकाळी जाऊन रात्री परतता येते, म्हणून बहुतेकांनी तिथे एकच दिवस ठेवला आहे. एक दिवस पुरतो, पण सकाळ हातची घालवली तर पुरत नाही. निवडक पत्रांची उत्तरे इथे देत आहोत. हिशेबाला १ येन म्हणजे ५५ ते ६० पैसे धरा. दर अधूनमधून वाढतात, तेव्हा निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

आम्ही चौघे ओसाकात तीन रात्री राहणार आहोत. नाराला कुठली गाडी घ्यावी? सगळ्यांना जेआर पास काढावा का? — एक वाचक, कोथरूड

नारासाठी पास काढू नका. ७ दिवसांचा साधा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. ओसाकाहून नाराला जाऊन-येऊन माणशी दीड हजार येनसुद्धा होत नाहीत. शिवाय सोयीची गाडी जेआरची नाहीच. ती किंतेत्सु या खासगी रेल्वेची आहे आणि तिच्यावर जेआर पास चालत नाही.

ओसाका-नाम्बा स्थानकातून ‘काइसोकु-क्यूको’ पकडा. साधारण ४० मिनिटे, ६८० येन, वर काही नाही. त्याच मार्गावर ‘तोक्क्यू’ही धावते. तिला वेगळे तिकीट लागते आणि वेळ फारसा वाचत नाही. नाम्बा नावाची आणखी स्थानके आसपासच आहेत: जेआरचे, नानकाइचे, मेट्रोचे. लोक चुकतात ते इथेच, म्हणून पाटीवर ‘किंतेत्सु’ हे नाव शोधा. क्योतोहून येणाऱ्यांनीही किंतेत्सुच घ्यावी. काही गाड्या नाराला न जाता दुसऱ्या फाट्याला वळतात, तेव्हा यामातो-साइदाइजीला उतरून समोरची नारा गाडी धरायची.

किंतेत्सु-नारा आणि जेआर नारा ही दोन वेगळी स्थानके आहेत, एकमेकांपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. किंतेत्सुवरून बाहेर पडलात की पाच मिनिटांत हरणे दिसू लागतात. जेआरवर उतरलात तर तोदाइजी या मोठ्या बुद्धमंदिरापर्यंत पाऊण तास चालावे लागते, नाहीतर बस.

प्रत्येकासाठी गाडीभाडे भरायचे एक इकोका कार्ड घ्या. २,००० येनला मिळते, त्यात ५०० अनामत असते. मात्र देवळांच्या तिकिटांसाठी रोख जवळ ठेवा. गाडीभाडे, तिकिटे आणि साधे जेवण धरून माणशी ५ ते ६ हजार येनमध्ये दिवस होतो.

वेळापत्रक आखून द्याल का? कोणते देऊळ आधी, कोणते नंतर? आम्हाला धावपळ नको आहे. — एक वाचक, सदाशिव पेठ

नाराची ठेवण सोपी आहे. पश्चिमेला स्थानक आणि बाजार, पूर्वेला डोंगर, मध्ये हरणांचे उद्यान. सकाळी ताज्या पायांनी चढायचे आणि दुपारी उतरत परत यायचे. एकूण चाल सात-आठ किलोमीटर भरते.

सात वाजता नाम्बा सोडा. सकाळची गर्दी नाराहून ओसाकाकडे असते आणि तुम्ही उलटे जात असता, म्हणून बसायला जागा मिळते. यामातो-साइदाइजी मागे पडले की गाडी एका मोकळ्या माळावरून जाते. इथे राजवाडा होता. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी नारा होती. डावीकडे २०१० मध्ये पुन्हा उभारलेला दाइगोकुदेन हा दरबार आणि उजवीकडे १९९८ मध्ये बांधलेला सुझाकु दरवाजा दिसतो. दोन मिनिटांत दोन्ही मागे पडतात, म्हणून आधीच खिडकीशी बसा.

स्थानकावरून थेट तोदाइजीला चाला, वीस मिनिटे. वाटेत कोफुकुजी हे देऊळ लागेल, पण त्याचे संग्रहालय ९ वाजता उघडते; ते परतीला ठेवा. तोदाइजीचे बुद्धगृह एप्रिल ते ऑक्टोबर ७:३० ते ५:३० आणि नोव्हेंबर ते मार्च ८ ते ५ उघडे असते. तिकीट ८०० येन. साडेनऊनंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांच्या बसगाड्या येतात, मग गर्दीबरोबर पुढे सरकण्याखेरीज काही उरत नाही. आठ वाजता तिथे असाल तर निवांतपणे मान वर करून पाहता येते.

आधी दक्षिण दरवाजात, नांदाइमोनमध्ये, थांबा. दोन्ही बाजूंना ८.४ मीटर उंचीचे लाकडी द्वारपाल आहेत, तेही समोरासमोर तोंड करून. उन्केइ आणि काइकेइ या शिल्पकारांनी आपल्या कारागिरांसह १२०३ मध्ये ते ६९ दिवसांत उभे केले. डावीकडच्याचे तोंड उघडे, उजवीकडच्याचे मिटलेले. पहिला ‘अ’ म्हणतो, दुसरा ‘हूं’. संस्कृतातला आरंभ आणि शेवट, जपानीत ‘अ-उन’. पुढची जाळी दाट आहे. तिच्या जवळ जाऊन तिरके पाहिले तर पायाच्या शिरा दिसतात.

बुद्धगृहासमोर आठ कोनांचा कांस्याचा दीपस्तंभ आहे. त्याच्यापाशी सगळे फोटो काढतात, पण त्याच्याकडे पाहणारे थोडे. तो आठव्या शतकातला, म्हणजे मागच्या इमारतीहून जवळजवळ हजार वर्षांनी जुना आहे. जाळीच्या झडपांवर वाद्ये वाजवणारे बोधिसत्त्व आहेत. एकाच्या हाती बासरी आहे. फुंकर घालताना त्याच्या दंडावरचे वस्त्र वाऱ्याने मागे उडाले आहे. दोन मिनिटे इथे द्या.

आतला वैरोचन बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. तो सगळा एका काळचा नाही. ११८० आणि १५६७ अशा दोनदा लढायांत मंदिर जळाले आणि मूर्तीही वितळली. आजचे मस्तक सतराव्या शतकाच्या अखेरचे आहे. खालच्या कमळाच्या काही पाकळ्या मात्र मूळच्या आहेत आणि त्यांवर बारीक रेघांनी बुद्धविश्व कोरलेले आहे. पाकळीची प्रतिकृती आत खालीच ठेवली आहे, ती आधी पाहा, म्हणजे मूळ पाकळीवर काय शोधायचे ते कळते. आजची इमारत १७०९ मधली. रुंदी ५७ मीटर, पूर्वीच्या दोन-तृतीयांश. आपला शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तो जोत्यापुरताच उरला. तोदाइजीवालेही पुरेसे मोठे लाकूड आणि पैसा मिळेना म्हणून लहान झाले, पण दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले.

इथून मागच्या बाजूने, मातीच्या भिंतींमधून जाणाऱ्या फरसबंद वाटेने निगात्सुदो या देवालयाला चढा, दहा मिनिटे. मोफत आहे. लाकडी सज्जातून बुद्धगृहाचे छप्पर आणि खाली सगळे शहर दिसते. आतली एकादशमुख अवलोकितेश्वराची मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत. शेजारच्या होक्केदोत मात्र अमोघपाश अवलोकितेश्वर पाहायला मिळतो. वेगळे तिकीट आहे, पण आत बसून पाहायची सोय आहे आणि गर्दी नसते. आमच्या मते तोदाइजीतली सर्वांत शांत जागा तीच.

मग वाकाकुसा टेकडीच्या पायथ्याने कासुगा ताइशा, वीस मिनिटे. हे शिंतो देवस्थान, परंपरेने ७६८ चे. सुमारे ३,००० दिवे आहेत, वाटेवर दगडी आणि आत ओट्यांवर टांगलेले कांस्याचे. बाहेरचे आवार मोफत. आतल्या भागाला तिकीट आहे आणि दिवे जवळून पाहायचे तर ते काढावेच.

जेवण करून दगडी दिव्यांच्या वाटेने खाली उतरा आणि दोनच्या सुमारास कोफुकुजीचे संग्रहालय गाठा. ५ वाजता बंद होते. इथल्या एका मूर्तीसाठी अर्धा तास राखून ठेवा: ७३४ मधला असुर, जपानीत आशुरा. तीन तोंडे, सहा हात, उंची १५३ सेंटिमीटर. आपल्या मनातला असुर म्हणजे दात विचकलेला. हा तर कोवळ्या मुलासारखा, भुवया किंचित आक्रसलेल्या, दोन हात छातीशी जोडलेले. कापडावर लाखेचे थर चढवून आतून पोकळ ठेवलेली मूर्ती आहे. आगीच्या वेळी उचलून नेता आली ती या हलकेपणामुळे, असे मानतात. शेजारी गरुड, गंधर्व, किन्नर उभे आहेत. आत फोटो काढता येत नाहीत.

कोफुकुजीच्या पाच मजली पागोड्याचा तळ्यातल्या प्रतिबिंबासह फोटो काढायचा आहे. कुठून चांगला येतो? — एक वाचक, बिबवेवाडी

सध्या कुठूनच नाही. १४२६ मध्ये पुन्हा बांधलेल्या या ५० मीटरच्या पागोड्याची मोठी दुरुस्ती चालू आहे आणि तो पूर्ण झाकलेला आहे. काम आणखी काही वर्षे चालेल. जुने फोटो पाहून बेत आखू नका.

मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. हरणे चावतात असे ऐकले. खायला घालू द्यावे का? — एक वाचक, औंध

घालू द्या, पण तुम्ही हाताशी उभे राहून. ही पाळीव हरणे नाहीत. हजाराहून अधिक सिका हरणे शहरात मोकळी फिरतात आणि १९५७ पासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचे संरक्षण आहे. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा आहे, म्हणून त्यांना देवदूत मानतात.

त्यांना फक्त ‘शिका-सेंबेइ’ द्यायच्या. तांदळाचा कोंडा आणि पिठाच्या, साखर-मीठ नसलेल्या पातळ चकत्या. दहांची जुडी २०० येनला मिळते आणि तिच्यावरची कागदी पट्टी हरणांच्या पोटाला बाधणार नाही अशा कागदाची असते. बिस्किटे, पाव, केळी, चिवडा यांतले काही देऊ नका.

गडबड होते ती अशी. जुडी विकत घेतली की विक्रेत्याशेजारची पाच-सहा हरणे लगेच घेरतात. मूल घाबरते, चकत्या पाठीमागे लपवते, मागे सरकते. हरीण मग सदऱ्याची किनार ओढते किंवा मांडीला चावा घेते. त्याला खाणे दाखवून न देणे खपत नाही. म्हणून जुडी तुम्ही घ्या, पिशवीत टाका, विक्रेत्यापासून पन्नास-साठ पावले दूर जा. जिथे एक-दोनच हरणे असतील तिथे मुलाच्या हातात एकेक चकती द्या. मान लववली की बरीच हरणे मान लववतात. एकदा लववली की लगेच द्या, तीन-तीनदा लववायला लावू नका, ती चिडतात. संपल्यावर दोन्ही तळवे उघडे करून दाखवा. हे त्यांना कळते आणि ती निघून जातात.

सप्टेंबर ते नोव्हेंबर नर माजावर असतात, तेव्हा शिंगवाल्या नरापासून मुलांना दूर ठेवा. ऑक्टोबरमध्ये त्यांची शिंगे कापण्याचा जुना विधी असतो तो त्यासाठीच. मे ते जुलै पाडसांचे दिवस. गवतात एकटे बसलेले पाडस दिसले तर जवळ जायचे नाही, आई आसपासच असते आणि ती पुढच्या खुरांनी मारते.

हातात प्लास्टिकची पिशवी, कागदी नकाशा, तिकीट धरून हिंडू नका, हरणे ते खातात. २०१९ मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटात किलो-किलोने प्लास्टिक निघाले. उद्यानात कचराकुंड्या जवळजवळ नाहीत. मुलांच्या खाऊची वेष्टने चेन असलेल्या पिशवीत परत ओसाकाला न्यायची.

बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना नारा झेपेल का? — एक वाचक, सहकारनगर

झेपेल, क्रम फिरवा. किंतेत्सु-नारा स्थानकाबाहेरून ‘कासुगा ताइशा होनदेन’ची बस घ्या, ती देवस्थानाच्या अगदी जवळ सोडते. तिथून सगळी वाट उताराची. निगात्सुदोच्या पायऱ्या गाळा. तोदाइजीला टॅक्सीने गेलात तरी नांदाइमोनपासून आत बरेच चालायचे असते, तेवढे धरून ठेवा. टॅक्सीचे मागचे दार चालकच उघडतो आणि लावतो, ते ओढू नका.

बुद्धगृहाच्या दाराबाहेर उजव्या हाताला लाल टोपडे घातलेली एक लाकडी मूर्ती आहे, बिंझुरू. हा बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपला दुखरा भाग जिथे, तिथे मूर्तीला हात लावून मग स्वतःला लावायचा, अशी तिथली रीत आहे. बाबांना तिच्याजवळ जरूर न्या.

आम्ही अंडेही खात नाही. आईचे एकादशीचे उपवास असतात. खायचे काय? — एक वाचक, नारायण पेठ

अडचण मांसाची नाही, दाशीची म्हणजे जेवणातल्या मूळ अर्कपाण्याची आहे. उदोन आणि सोबा या शेवया, मिसो सूप यांचे पाणी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या अर्काचे असते. थंड सोबाबरोबरची बुडवायची चटणीही तशीच. वर भाज्याच दिसतात, म्हणून ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की वाढणारा प्रामाणिकपणे हो म्हणतो. त्याऐवजी नेमके विचारा: ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे बोनिटोची दाशी यात आहे का. पाणी सकाळीच करून ठेवलेले असते, ‘ती वगळून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. ‘हो’ आले की दुसरे घ्या.

नाराची ओळख असलेले काकिनोहा-झुशी पानात बांधलेले सुंदर दिसते, पण आत मासा असतो. नारा-झुके हे लोणचे साकेच्या चोथ्यात मुरवतात. मद्य वर्ज्य असेल तर तेही नको.

चालणारे पदार्थही याच भागातले आहेत. योमोगीच्या हिरव्या पानांची मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा गोळा: आत लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड पुरण, वर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ. स्थानकाजवळच्या बाजारात लाकडी घणांनी कुटून गरम देतात. योशिनो हा कुझु या वेलीच्या मुळांच्या खळीसाठी नावाजलेला भाग नारा प्रांतातच आहे. त्या खळीच्या पारदर्शक कुझुकिरी काळ्या गुळाच्या पाकाबरोबर मिळतात. चागायु म्हणजे भाजक्या चहात शिजवलेली तांदळाची पेज, तीही इथली. पेज चालते, सोबतच्या वाट्या विचारून घ्या.

उपवासाला हिवाळ्यात किराणा दुकानांत भाजलेली रताळी मिळतात, याकिइमो. साल काढली की आत मध सुटल्यासारखा गर असतो. बाकी दिवसांसाठी दशम्या, थेपले, भाजके शेंगदाणे पुण्याहून न्या. ताजी फळे आणि ओला कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. डबा उद्यानाच्या गवतावर उघडू नका. का ते वरच्या उत्तरात आले आहेच.

मी जपानी शिकते. तोदाइजीच्या बुद्धाचे डोळे एका भारतीयाने उघडले असे वर्गात सांगितले. खरे का? तिथे त्याचे काही पाहायला मिळते का? — एक वाचक, कर्वेनगर

खरे आहे. भिक्षूचे नाव बोधिसेन. तो चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोहोचला, नारातल्या दाइआनजी मठात राहिला आणि ७६० मध्ये तिथेच वारला. ७५२ मध्ये, सम्राट शोमु यांनी घडवलेल्या बुद्धाच्या बुबुळांवर शाई भरण्याचा विधी त्याच्या हातून झाला. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेसारखाच हा नेत्रोन्मीलनाचा विधी. त्याच्या कुंचल्याला लांब निळा रेशमी दोर बांधला होता आणि जमलेल्यांनी तो हातात धरला होता, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सगळ्यांच्या वाट्याला यावे.

तो कुंचला आणि तो दोर आजही आहेत. बुद्धगृहामागच्या शोसोइन भांडारात ते जपले गेले आणि ११८५ मध्ये, आगीनंतर दुरुस्त झालेल्या मूर्तीचे डोळे निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी त्याच कुंचल्याने रंगवले. भांडारातल्या निवडक वस्तू दर वर्षी ऑक्टोबरअखेरीस सुमारे दोन आठवडे नारा राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. वस्तू दर वर्षी बदलतात, त्यामुळे दोर त्याच वर्षी असेल असे नाही. यादी आधी जाहीर होते. तारीख-वेळेचे तिकीट आगाऊ घ्यावे लागते. भांडाराची लाकडी इमारत बाहेरून पाहता येते.

तुमच्या अभ्यासाचीही एक गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. ‘आ इ उ ए ओ, का सा ता ना हा मा या रा वा’ हा क्रम सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या जपानी भिक्षूंकडून आला. आपली वर्णमाला शेजारी ठेवा: स्वर आधी, मग कंठ्य ते ओष्ठ्य, मग य र व. ‘सा’ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि ‘हा’ प-वर्गाच्या, कारण त्याचा जुना उच्चार ‘प’ होता. देवळांतल्या लाकडी पाट्यांवर ती सिद्धम् अक्षरे अजून लिहितात. देवनागरी येणाऱ्याला त्यांतली काही ओळखता येतात.

त्याच दिवशी होर्युजी जमेल का? — एक वाचक, चिंचवड

जमवायचे तर कासुगा आणि कोफुकुजी सोडा. ओसाकाच्या तेन्नोजीहून जेआरची यामातोजी काइसोकु घ्या. ती होर्युजीला थांबते. स्थानकावरून वीस मिनिटे चाल. देऊळ ८ वाजता उघडते, तिकीट २,००० येन. अकरापर्यंत पाहून पुढे जेआर नारा, बारा मिनिटे, आणि दुपारी तोदाइजी.

पण अजिंठा पाहिलेल्या माणसाने होर्युजीला वेगळा दिवस द्यावा असे आमचे मत आहे. स्थापना ६०७ ची. ६७० च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या इमारती या जगातल्या सर्वांत जुन्या उभ्या लाकडी वास्तू. पागोड्याचा मधला खांब ५९४ मध्ये तोडलेल्या झाडाचा, हे खोडाच्या वलयांवरून ठरले आहे. मुख्य मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याच्या पद्मपाणीशी होत आली. त्या चित्रांच्या नकला उतरवण्याचे काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे आग लागली आणि मूळ चित्रे करपली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. अजूनही २६ जानेवारीला देशभरातल्या देवळांत आग विझवण्याचा सराव होतो. आज भिंतींवर दिसतात त्या १९६० च्या दशकातल्या नकला.

कोणता महिना बरा? शाळेच्या सुट्टीतच जाता येते. — एक वाचक, सिंहगड रस्ता

दिवाळीची सुट्टी. हवा कोरडी आणि थंड असते, शोसोइनचे प्रदर्शन बहुधा त्याच सुमारास येते आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून मेपल लाल होऊ लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत २९ एप्रिल ते ५ मे टाळा. जपानचीच मोठी सुट्टी असते. त्यानंतरचा मे उत्तम. जून-जुलै पावसाचे, ऑगस्ट घामाचा, मात्र १४ आणि १५ ऑगस्टला संध्याकाळी कासुगाचे सगळे दिवे लावतात. हिवाळ्यात पाचलाच अंधारते, तेव्हा निगात्सुदोवरून सूर्यास्त पाहायचा तर चारच्या आत वर पोहोचा.